पाचवा काचफुगा

आत्याने काचफुगे साबणाच्या पाण्यात धुऊन काढले आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

आत्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. आजोबा गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून त्यांची खोली बंदच होती. रविवारी सगळे फुग्यांच्या वाटपासाठी जमणार होते, आणि धुळीने माखलेली वस्तू कुणाच्या हातात ठेवणं आत्याला जमण्यासारखं नव्हतं. तिने एकेका फुग्याच्या आकड्याचा, तो कुणाचा ते सांगणारा रंगीत दोरा सोडला, फुगे कोमट पाण्यात घातले, मऊ फडक्याने पुसले, उन्हात वाळत ठेवले आणि मग दोरे परत बांधले. अंदाजाने.

"अंदाजाने म्हणजे?" ताईने विचारलं.

"अंदाजाने म्हणजे अंदाजाने. सगळे एकसारखे दिसतात गं. मला वाटलं लक्षात राहील."

"आई, तू धन्य आहेस," दादा म्हणाला. दादा आत्याचा मुलगा, नातवंडांत सगळ्यात थोरला. "आता स्वतःचा श्वास ओळखायला पोलिसात वर्दी द्यायची का आम्ही?"

"दे की. त्यांना सांग, आईने घर स्वच्छ ठेवलं. बघू काय शिक्षा होते."

सगळे हसले. ताईची बहीण धाकटीही हसली, पण तिला मनातून चुटपुट लागली. बाहेरच्या माणसाला त्या फुग्यांत विशेष काही वाटलं नसतं. पेरूएवढे, बिनरंगी काचेचे गोल, वर टांगायला काचेचाच बारीक आकडा. पण त्यात आजोबांनी भरलेलं काय होतं, ते या घरातल्यांनाच ठाऊक होतं.

आजोबांनी आयुष्यभर एका विज्ञान महाविद्यालयाच्या कार्यशाळेत काच फुंकली. प्रयोगशाळेला लागणारे चंबू, नळ्या, वाफ गार करणाऱ्या वळणावळणाच्या शीतनलिका ते हाताने घडवायचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येही त्यांचा एक बर्नर होता. नातवंड फुंकर घालण्याइतकं मोठं झालं की ते त्याला तिथे घेऊन जात. स्वतः काचेची नळी ज्योतीत फिरवत बसत. नळीच्या टोकाला लांब रबरी नळी जोडलेली असे आणि तिचं दुसरं टोक त्या मुलाच्या तोंडात. "गरम दुधावर फुंकर घालतेस ना, तशी," ते सांगत. नारिंगी झालेली काच हळूहळू फुगायची. मग ते म्हणत, "बस," आणि बारीक ज्योतीने फुग्याचं तोंड वितळवून बंद करत. "अडकला बघ तुझा श्वास. आता तो कुठे जात नाही."

धाकटीला तो दिवस अजून आठवत होता. काचेपेक्षा आजोबांचा चेहराच जास्त. कुणीतरी आपल्याला काहीतरी मौल्यवान देतंय आणि ते आपल्याकडूनच घेऊन देतंय, हे कळण्याचं तिचं वय नव्हतं. तरी ते तिला कळलं होतं. पुढे ती पदार्थविज्ञान शिकली, त्याचं मूळ कुठेतरी त्या शेडमध्ये असावं.

आजोबांनी फुगे कुणाला घरी नेऊ दिले नाहीत. कापसाच्या पेटीत स्वतःजवळ ठेवले आणि एवढंच बजावलं, की मोठे झालात की हे तुमचे राहिले नाहीत, आपापल्या पोरांना द्या. आता दादाला तान्हा मुलगा होता. ताईला ठमी होती, चार वर्षांची. आजोबांनी शेवटचा फुगा ठमीकडूनच फुंकवून घेतला होता. तिला तो एका दमात जमला नाही. दम खात, खोकत, थांबत तिने तो पुरा केला आणि तेवढा वेळ आजोबा काच ज्योतीत फिरवत राहिले. त्यांचे हात थरथरत असत, पण काचेला त्यांनी ते कळू दिलं नाही.

ठमीची श्वासनलिका जन्मापासूनच अरुंद होती. ती खेळायला लागली की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. म्हणूनच वाटप घाईने या रविवारी ठरलं होतं, पण हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

"दादाचा, ताईचा, माझा, ठमीचा," धाकटी मोजत म्हणाली. "मग हे पाच कसे?"

"पाचवा नमुन्याचा," आत्या म्हणाली. "दादाला शिकवताना बाबांनी आधी स्वतः एक फुंकून दाखवला होता. कधीचा पडून आहे. त्याला कधी दोराच नव्हता."

धाकटीने पेटी उचलली. "मी वर नेऊन बघते. काचेच्या जाडीत काही फरक सापडतोय का ते."

"ने बाई," दादा म्हणाला. "पदवीचं सोनं कर."

*

वरच्या खोलीत पूर्वेकडची खिडकी होती. धाकटीने टेबलावर टॉवेल पसरला आणि पाचही फुगे ओळीने मांडले. खाली जेवणाची पानं घेतली जात होती. ताटांचा आवाज, तान्ह्याची कुरकुर, आत्याच्या सूचना.

एक फुगा आतून पांढुरका झाला होता. तिने रुमालाने पुसून पाहिला. बाहेरून तो कोरडा होता. म्हणजे वाफ आतली. यात काही नवल नव्हतं. उच्छ्वासात ओलावा असतोच. तो आत कोंडला गेला की काच गार पडल्यावर भिंतीवर धरणारच. खिडकीतून गार वारा येत होता. तिने खिडकी लावून घेतली.

वाफ विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली.

ती खुर्चीवर बसली. आता दुसऱ्या फुग्यातही वाफ धरत होती. तिसऱ्यात, चौथ्यातही. पण एका वेळी नाही. प्रत्येकाची चाल निराळी. एकाच टॉवेलवर, एकाच खोलीत, एकाच तापमानात ठेवलेले चार सारखे गोळे, त्यांनी असं वागायला काही कारण नव्हतं. तिने फुग्यांच्या जागा बदलून पाहिल्या. टॉवेल काढून त्यांच्याखाली कोरडी पुठ्ठ्याची घडी घातली. फरक पडला नाही.

खाली दादा कशावरून तरी मोठ्याने हसला. डावीकडच्या फुग्यात वाफ धक्क्या-धक्क्याने दाटली, थांबली, दाटली. दादाचं हसू ओसरलं तशी तीही निवळली.

धाकटी ताडकन उठली. मग तिने एक प्रयोग केला, जो तिने कुणा प्राध्यापकाला कधी सांगितला नसता. ती जिना धावत उतरली आणि धावतच वर आली. "अगं, काय हत्ती शिरलाय का घरात?" आत्या खालून ओरडली. धाकटी धापा टाकत टेबलावर वाकली. मधला फुगा धापा टाकत होता.

तिने श्वास रोखला. मधल्या फुग्यातली वाफ आहे तिथे थांबली. छातीत दुखायला लागेपर्यंत ती थांबूनच राहिली. धाकटीने श्वास सोडला तेव्हा काच एकदम पांढरी झाली.

तिला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी तिला एवढंच जाणवलं, की आपण लहान होतो आणि कुणीतरी आपला श्वास नीट सांभाळून ठेवला.

उरलेले ओळखायला वेळ लागला नाही. ताईचा लांबलचक, मधेच उसासा टाकणारा. शेवटचा एक घाईघाईचा, उथळ, आणि अधूनमधून असा अडखळणारा की बघणाऱ्याचाही श्वास अडकावा. खाली ठमी खोकली. त्या फुग्यात वाफ फुटून विखुरली.

नमुन्याचा पाचवा फुगा मात्र लख्ख कोरडा होता. त्याच्या आरपार खालचा पुठ्ठा स्वच्छ दिसत होता.

"सापडलं काही?"

दारात ताई उभी होती. ती कधी आली ते धाकटीला कळलं नव्हतं. धाकटीने सांगायला तोंड उघडलं, पण ताई टेबलाकडे बघत होती. तिने एक उसासा टाकला, मग तेवढ्यात पांढऱ्या झालेल्या आपल्या फुग्याकडे पाहिलं, मग मुद्दाम दुसरा टाकला.

"ठमीचा कुठला?" तिने हळूच विचारलं.

धाकटीने दाखवला. ताई खाली वाकली.

"हे काय आहे, मला समजावून सांगू नकोस," ती म्हणाली.

"मला सांगता येणारही नाही."

"बरं झालं." ताईने डोळे पुसले. "उद्या ते हिला आत नेतील आणि दार लावून घेतील. हिचे बाबा जहाजावर, मी एकटी बाहेर. आत काय चाललंय ते मला कुणी सांगणार नाही. तू हा घेऊन माझ्याजवळ बस. मला बघवणार नाही. तू बघ."

"आणि समजा..."

"तेव्हा सांग. खोटं बोलू नकोस."

खाली गेल्यावर धाकटीने दोरे ज्याचे त्याला बांधून दिले. "बघा, काचेच्या जाडीवरून लागला की नाही पत्ता," आत्या सगळ्यांना सांगत सुटली, आणि धाकटीने ते तसंच राहू दिलं. दादाने आपला फुगा तान्ह्याच्या पोटावर टेकवला. तान्ह्याने तो चाटून पाहिला. थट्टा करायला म्हणून दादाने तोंड उघडलं, आणि बोलायच्या ऐवजी फुगा नीट कापसात गुंडाळला. "आजोबा असायला हवे होते," एवढंच म्हणाला. ताईने आपला फुगा ठमीच्या ओंजळीत ठेवला.

"यात कोण आहे?" ठमीने विचारलं.

"मी. तुझ्याएवढी असतानाची."

ठमीने फुगा कानाला लावला. "झोपलीयेस तू," ती म्हणाली.

*

सोमवारी सकाळी आत्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापूस भरला, त्यात दोन खळगे केले आणि एका खळग्यात ठमीचा फुगा ठेवला. दुसऱ्यात तिने नमुन्याचा फुगा बसवला.

"हा कशाला?" धाकटी म्हणाली.

"एकटा ठेवला तर डब्यात हेलकावे खाईल. शेजारी जोड असली की हलत नाही. आणि हा फुटला तरी कुणाचं काही जात नाही." तिने डबा धाकटीच्या हातात दिला, मग परत घेतला, झाकण दाबून पाहिलं आणि पुन्हा दिला. "मी घरी थांबते. तिथे येऊन मी रडणार, आणि तुम्हाला मलाच सांभाळावं लागणार."

इस्पितळाचा तो बोळ लांब आणि फिकट हिरवा होता. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकाला दुपाखी दार, त्यावर लाल दिवा. ठमीला नेताना परिचारिकेने तिला विचारलं, "घाबरलीस का?" ठमी म्हणाली, "तू घाबरलीस का?" परिचारिका हसली. दार मिटलं. ताई भिंतीकडे तोंड करून बसली.

धाकटीने डबा मांडीवर उघडला.

आधी ठमीचा श्वास भराभर चालला होता. मग तो सैल पडत गेला. भूल दिली असावी. त्यानंतर काचेवरची वाफ अशी यायला-जायला लागली की तसा नेमका ठमीचा श्वास तिने कधी पाहिलाच नव्हता. एकसारखा, एका मापाचा. यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं.

"चालू आहे?" ताईने मान न वळवता विचारलं.

"चालू आहे."

बोळातून एक माणूस औषधांची ढकलगाडी घेऊन गेला. कुठेतरी नळ गळत होता. ताईने पुन्हा विचारलं, धाकटीने पुन्हा तेच सांगितलं. असं अनेकदा झालं. धाकटीच्या मानेला रग लागली, पण तिने नजर काढली नाही.

वाफ आली. गेली.

आली. गेली.

आली नाही.

धाकटी वाट बघत राहिली. ठमीच्या फुग्याच्या आरपार कापूस दिसत होता, त्यातला एकेक तंतू.

"चालू आहे?"

धाकटी डब्यावर आणखी खाली वाकली. ताई वळली. तिने डब्यात पाहिलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. दारामागे कुणीतरी भराभर चालल्याचा आवाज झाला. कुणीतरी थोडक्यात, चढ्या आवाजात काहीतरी सांगितलं. मग शांतता.

काच तशीच लख्ख होती.

मग शेजारचा फुगा भरला.

नमुन्याचा. तो खालून वर, कडेकडेने पांढरा होत गेला, कुणी अगदी जपून फुंकर घालावी तसा. पूर्ण भरला, आणि तसाच राहिला.

धाकटीच्या मांडीला डब्याचा पत्रा ऊन लागला.

मोठ्या फुंकरीची ती वाफ एका बाजूने विरायला लागली, ठमीच्या फुग्याकडच्या बाजूने. आणि ठमीच्या फुग्यात, अगदी तळाशी, नखाएवढा पांढुरका डाग उमटला.

तो वाढला. विरला. पुन्हा वाढला.

दोन्ही फुगे आता एकदमच पांढरे होत होते, एकदमच निवळत होते. मोठ्या श्वासामागे लहान श्वास, जराही न चुकता.

"चालू आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ताई, चालू आहे. चालू आहे गं."

*

बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांच्या टोपीखालचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. त्यांनी आधी ठीक आहे असं सांगितलं, मगच त्या बसल्या.

"मधे एक अवघड वेळ आली होती," त्या म्हणाल्या. "आम्ही हवा देत होतो, पण छाती हलत नव्हती. आम्ही पुढची तयारी करत होतो, तेवढ्यात तिनेच श्वास घेतला. भुलीत होती. त्या औषधांवर मुलं स्वतःहून श्वास घेत नाहीत."

"मग कसा घेतला?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले. "मला शास्त्र विचाराल तर मी काहीतरी कारण शोधून देईन. पण खरं सांगू? आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे होतो आणि मनातल्या मनात आभार मानत होतो. कुणाचे ते माहीत नाही." त्यांची नजर डब्याकडे गेली. "छान आहेत. काचेचे?"

"आमच्या आजोबांच्या हातचे," ताई म्हणाली, आणि तिथे बोळातच, ओळखपाळख नसलेल्या त्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

फोनवर आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि म्हणे मी चुकून दोरे सोडले." नंतर बराच वेळ फोनवर नुसता तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत राहिला.

*

ठमी घरी आली. तिच्या छातीतली शिट्टी गेली. घसा बसला होता, तरी त्यातूनही ती हुकूम सोडत होती. तिच्या पलंगाजवळच्या फळीवर ताईने ठमीने फुंकलेला फुगा ठेवला आणि शेजारी नमुन्याचा. त्याला नमुन्याचा असं आता कुणी म्हणत नव्हतं. आत्याने त्याला पांढरा दोरा बांधला होता.

धाकटी रोज संध्याकाळी कामावरून येताना चक्कर टाकायची. तिने मोजमापं घेणं सोडून दिलं होतं. येऊन बसावं, दोन्ही फुगे श्वास घेताना बघावेत, मनातल्या मनात आजोबांना दोन शब्द सांगावेत आणि जावं, एवढंच. गोष्ट कळली नाही तरी तिचे आभार मानता येतात, हे तिला नवीन होतं आणि बरं वाटत होतं.

एका सुट्टीच्या दुपारी ती आली तेव्हा ठमी गाढ झोपली होती. ताई पलीकडे कपडे वाळत घालत होती. पांढऱ्या दोऱ्याच्या फुग्यात वाफ दाट होती. त्या वाफेत एका जागी, पलंगाकडच्या बाजूला, रुपयाएवढा गोल स्वच्छ होता.

धाकटीने जवळ जाऊन पाहिलं. धुकटलेल्या खिडकीची काच अंगठ्याने पुसावी तसा तो होता. बाहेरून काच कोरडी होती. कडेला ओलाव्याचा बारीक ओघळ होता, आतल्या बाजूने.

तिने फुगा हळूच फिरवला आणि तो स्वच्छ गोल भिंतीकडे केला. वाफ निवळली, पुन्हा दाटली. गोल पुन्हा पलंगाकडे उमटला.

तिने पुन्हा फिरवला नाही. फळीवर औषधाची एक उंच बाटली होती, नेमकी फुग्याच्या आणि उशीच्या मधे. तिने ती उचलून बाजूला ठेवली.

"बघा," ती अगदी हळू म्हणाली. "आता नीट दिसेल."

ठमीचा श्वास संथ चालला होता. गालाला थोडा रंग आला होता. धाकटीने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि निघण्याआधी फळीकडे एकदा वळून पाहिलं.

काचेवरच्या गोलाशेजारी आता दुसरा उमटला होता. बराच लहान, करंगळीने पुसावा एवढा, आणि बराच खाली, मोठ्या माणसाचं बोट धरून खिडकीशी उभ्या राहिलेल्या ठमीएवढ्या मुलीच्या डोळ्यांना लागेल इतका.